दाजी, ठिणगी होती

दाजी, पेपरात आलेला फोटो तुम्हाला आवडला नसता. शर्ट तुमचाच, मिशा तुमच्याच, पण उजवा खांदा उगाच वर उचलल्यासारखा दिसतो. कारण त्या हातानं तुम्ही निळीचं बॉनेट धरलं होतं. फोटो मी निवडला, आणि "गाडी कापून टाका, नुसता माणूस ठेवा" असं छापणाऱ्याला सांगितलंही मीच. अक्कानं पेपर हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "निम्मेच छापलास की रं त्यांना."

खरंच आहे. निळीशिवाय तुम्ही मला कधी आठवतच नाही. कारखान्यातल्या एका रिटायर साहेबाकडून तुम्ही ती फिकट निळी गाडी घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. आताच्या गाड्यांसारखा तिच्यात कॉम्प्युटर नव्हता. एक कार्बोरेटर, एक पेट्रोलचा पंप, एक कॉइल आणि तुमचा आवाज, एवढ्यावर ती चालायची. पावसाळ्यात आणि थंडीत सुतासारखी सरळ. होळी झाली, ऊन तापलं, की तिचा स्वभाव फिरायचा. सकाळी आठला निघालं तर घाटसुद्धा चढून जाईल. पण दुपारी बारानंतर आठ-दहा किलोमीटर पळवून कुठं उसाच्या ट्रॉलीमागं पाच मिनिटं थांबावं लागलं, की आचके देऊन बंद. मग अर्धा तास सावलीला उभी केली की काही झालंच नाही अशी चालू.

हे का होतं, यावर आपण किती वर्षं भांडलो? माझी पोरगी पहिलीत होती तेव्हापासून ती लग्नाची होईपर्यंत. तुमचं म्हणणं, पेट्रोल उकळतंय. पंप तापलेल्या इंजिनाला चिकटून बसलेला, त्यात पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ढकलत बसतो आणि पुढं कार्बोरेटर कोरडा. माझं म्हणणं, दोष कॉइलचा. ती तापली की आतली तार दगा देते आणि ठिणगीच पडत नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, कॉइल हा माझ्या पुस्तकातला धडा. तुम्ही उभा जन्म साखर कारखान्यात पॅनवर काढलेला, म्हणजे उसाचा रस उकळत ठेवून दाणा धरायचा, हेच काम.

"मास्तर, उकळणं मला शिकवू नका," तुम्ही म्हणायचात. "आमच्या पॅनमधली हवा ओढून काढली की रस कमी उष्णतेला बी नाचाय लागतोय. आन् ह्यो पंप काय करतोय? पेट्रोल ओढतोयच की. त्यात ते पेट्रोल. ते तर नाचाय म्हणूनच जन्माला आलंय."

"मग टाकीत का न्हाय उकळत?"

"टाकीच्या बुडाखाली जाळ हाय व्हय?" आणि मग बाजूला बसलेल्या माणसाकडं वळून, "आन् आता तर त्यात आपल्याच उसाचं इथेनॉल मिसळत्यात. त्यो गप बसंल व्हय? ऊन दिसलं की उठून बसणारच."

बाजूचा माणूस हसायचा. मी हरायचो. कॉइलवर असा विनोद मला कधी सुचला नाही.

यात एक गोम होती आणि ती आपल्या दोघांनाही माहीत होती. गाडी बंद पडली की तुम्ही पंपावर ओलं फडकं टाकायचात आणि आपण झाडाखाली बसायचो. अर्ध्या तासानं गाडी चालू झाली की तुम्ही म्हणायचात पंप गार झाला, मी म्हणायचो कॉइल गार झाली. अर्ध्या तासात दोन्ही गार होतात! तपासायचं तर बंद पडल्या पडल्या, सगळं तापलेलं असतानाच तपासायला हवं. ठिणगी पडते का, आणि कार्बोरेटरात पेट्रोल येतं का. दोन मिनिटांचं काम. वर्गातल्या पोरांना "करून बघा रे" म्हणून ओरडणाऱ्या मास्तरनं इतक्या वर्षांत ते एकदाही करून बघितलं नाही. हरलो तर काय घ्या, ही भीती. तुम्हाला करायची गरजच वाटत नसावी.

राधानगरीच्या त्या लग्नाला जाताना काय झालं, ते अक्का अजून सांगते. मे महिना, भर बारा वाजता निळी रस्त्याच्या कडेला आडवी. फडकं होतं, पण पाण्याची बाटली पोरांनी रिकामी केलेली. तुम्ही हापसा शोधायला गेलात. तुम्ही यायच्या आत आपण काहीतरी करून दाखवावं म्हणून मी अक्काच्या किटलीतलं ताक पंपावर ओतलं. जिरं-मीठ घातलेलं ताक. असा चर्र आवाज झाला आणि वास सुटला की मांडवात शिरल्याचा भास व्हावा. तुम्ही कळशी घेऊन आलात, आत वाकून बघितलंत आणि शांतपणे म्हणालात, "आता वर फोडणी बी देऊन टाका, मास्तर." पुढचे पंधरा दिवस निळी तापली की नासक्या दुधाचा वास यायचा. पण लग्नात कुणी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "किटली सांडली, झालं." माझं नाव घेतलं नाहीत.

तुमची ही सवय जुनीच. बी.एस्सी.ला मी नापास झालो ते साल आठवतं? घरी तोंड दाखवायला नको म्हणून तुमच्याकडं येऊन पडलो होतो. तुम्ही एक अक्षर विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्युटीला निघताना म्हणालात, "चल, पॅन बघशील." त्या धडधडणाऱ्या उकाड्यात पॅनच्या काचेवर डोळा लावायला लावलात आणि आत दाणा कसा धरतो ते दाखवलंत. "घाई केली की बारीक पडतोय," एवढंच बोललात. महिनाभर मी तुमच्याकडं जेवलो. आमच्या वडिलांना तुम्ही कळवलंत, पोरगं अभ्यासाला आलंय. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. म्हटलं, आहेत की दाजी, बोलू कधीतरी.

आता मुद्द्याचं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तुम्ही तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापलात. इंजिनाची झळ पंपाला आणि पेट्रोलच्या नळीला लागू नये म्हणून मधे आडोसा. चार भोकं पाडून, बोल्ट मारून, पक्का. त्यावरचं भुईमुगाच्या शेंगांचं चित्र तसंच होतं. त्या रविवारी जेवायला आलात ते बॉनेट उघडूनच. दाखवलंत, मटण-भाकरी जेवलात आणि आमच्या पुढच्या खोलीत पंख्याखाली झोपलात. तुम्ही झोपला होतात तेव्हा मी निळीची जुनी कॉइल काढून नवी बसवली. जुनी माळ्यावर टाकली. का? तुमचा पत्रा काही कामाचा नाही आणि आपण वेळीच शास्त्रीय उपाय केला पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं. मनापासून मूर्खपणा करण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

त्या उन्हाळ्यात निळी एकदाही बंद पडली नाही. तुम्ही जिथं जाल तिथं पत्र्याची गोष्ट सांगायचात आणि मी आतल्या आत हसायचो. वर्षभर हसलो.

मग गेल्या एप्रिलमध्ये माझ्या पोरीची सुपारी फुटली. नवरामुलाकडची माणसं आमच्या घरी, पानं वाढायची होती, आणि तुम्ही रंगात आला होतात. शेंगांच्या चित्रासकट सगळी हकिकत. व्याही तर पुढं सरकून ऐकत होते, त्यांच्याकडंही एक जुनी जीप. "दाजी, आमची जीप बी एकदा तुमच्या हाताखालनं जाऊ द्या," ते म्हणाले. घर माझं, पोरगी माझी, आणि सगळी मंडळी तुमच्याकडं तोंड करून बसलेली. मी म्हणालो, "पत्र्यानं काय हुतंय? दाजी झोपल्यावर मी कॉइल बदलली हुती. माझ्या कॉइलवर चालत्या गाडी. पत्रा आपला शोभेला!"

चार-पाच जण हसले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. पॅनच्या काचेतनं बघावं तसं.

"आसं व्हय?" तुम्ही म्हणालात. "बरं झालं की मग." आणि तांब्यातलं पाणी घेऊन प्यालात.

त्याच्या पुढच्या रविवारपासून तुम्ही नेहमीसारखे दुपारचे जेवायला येईनासे झालात. सकाळी साताठला दोघं यायचात, चहा घ्यायचात, अक्का भावजयीच्या, सुनीताच्या, हातात वांगी-भेंडी द्यायची, आणि दहाच्या आत परत. सुनीता मटण शिजायला घालत असायची आणि तुम्ही म्हणायचात, "न्हाय, रानात पाणी पाजायचंय." मला कळलं, दाजी रुसले. पाऊस लागला तसे तुम्ही पुन्हा दुपारचे यायला लागलात, जेवलात, झोपलात. मी सुनीताला म्हणालो, राग निवळला. ऑक्टोबर तापला आणि तुम्ही पुन्हा सकाळचे. मी म्हणालो, परत काहीतरी डोक्यात आलं. थंडीत दुपारचे. या होळीनंतर पुन्हा सकाळचे. माझी माफी तयार होती, दाजी. खरंच होती. पण म्हटलं, हा माणूस अधूनमधून का रुसतो ते आधी कळू दे. एखाद्याचा राग उन्हाबरोबर चढतो-उतरतो हे डोळ्यांपुढं दिसत असताना विज्ञानाच्या मास्तरला त्याचं कारण सुचलं नाही. दहावीच्या पोरानं तक्ता मांडून सांगितलं असतं.

आणि मग तो फोन आला.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. कबनूरची तुमची भावकी येईपर्यंत अकरा वाजले. रक्षा नदीत सोडायची नाही, लांबच्या रानात टाकून वर झाड लावायचं, हे तुम्हीच कधीतरी जेवताना सांगितलेलं. तुमच्या पोरानं फणस लावला. परत निघताना सगळी पुढच्या गाड्यांतनं गेली. अक्का म्हणाली, "मी निळीतनंच येणार." म्हणजे चालवणं माझ्याकडं आलं.

रस्त्याचं काम चालू होतं. डांबराच्या गाडीमागं पाचेक मिनिटं थांबलो, आणि निळीनं दोन आचके दिले. बंद.

खाली उतरलो, बॉनेट उघडलं, माझा हात सवयीनं फडक्याकडं गेला आणि थांबला. खोटं कशाला बोलू, दाजी? माझ्या नखांत तुमची रक्षा होती, आणि तरी माझ्या मनात पहिलं हेच आलं, की आज बघूच. नवी कॉइलसुद्धा दोन वर्षांत गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलंही.

"अक्का, चालवायच्या सीटवर ये. मी म्हणलं की चावी फिरव."

"मला येतंय व्हय त्यातलं?"

"नुसती फिरवायची."

आयुष्यात पहिल्यांदा अक्का तुमच्या जागेवर बसली. पदर खोचला आणि एका हातानं स्टेअरिंग असं घट्ट धरलं, जसं ते कुणी हिसकावून नेणार आहे. मी कॉइलकडून येणारी जाड वायर उपसली, टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं. "फिरव." इंजिन कुरकुरलं आणि ठिणगी पडली. टच, टच, टच. भर उन्हात दिसावी एवढी निळी, एवढी जाड. मी वायर परत बसवली, कार्बोरेटरवरचं झाकण काढलं, हातानं ॲक्सिलरेटर ओढून आत बघितलं. बारीक धार उडायला हवी होती. पुन्हा ओढलं. पुन्हा. थेंब नाही. सगळं कोरडं ठक्क.

एवढंच होतं, दाजी. दोन मिनिटं पण लागली नाहीत.

मग माझं लक्ष पंपाकडं गेलं. पत्र्याची चार बोल्टांची जागा रिकामी होती.

"अक्का, पत्रा कुठाय?"

"काढला की त्यांनी."

"कधी?"

"तुझ्या पोरीची सुपारी झाली, त्याच आठवड्यात." ती समोरच्या काचेतनं बघत बोलत होती. "चार दिवस भर उन्हाची गाडी घेऊन हिंडत हुते. मी म्हटलं, आवो, चक्कर येऊन पडशीला. तर म्हणाले, मास्तरची कॉइल खरी का माझा पत्रा खरा, ते बघतोय. दोनदा बंद पडली. दुसऱ्या खेपेला गाडी तितंच सोडून, डोक्यावर टावेल टाकून चालत घरी आले."

"मग सांगितलं का न्हाय मला?"

"मी बी तेच म्हटलं. बसवा पत्रा आन् जावा, सांगा संजाला. तर म्हणाले, नगं. त्याचा व्याही जीपच्या पायी कवा तरी बॉनेट उघडून बघणार. पत्रा दिसला की विषय निघणार. मला खोटं बोलाय येत न्हाय आन् खरं बोललो तर मास्तर खोटा पडतोय, पोरीच्या सासरच्यांम्होरं. ऱ्हाऊ दे तसंच. आपण सकाळच्या गारव्यात जाऊन येऊ." अक्का थांबली. "मटण शिजायचा वास यायचा रं तुझ्या घरात. फाटकाभाईर पडलो की म्हणायचे, आज सुनीतानं बरं घातल्यालं दिसतंय."

मी रस्त्याच्या कडेला मुरमाच्या ढिगावर बसलो. अक्का तिथंच, स्टेअरिंग धरून. तीन दिवस ती रडली नव्हती. तिथं रडली. डांबराच्या गाडीवरच्या बाईनं येऊन न विचारता आम्हाला पाणी दिलं, आणि गाडी गार झाल्यावर मी अक्काला घरी आणलं.

बाराव्याला सगळी जमली होती. तुमची भावकी, आमची, आणि पोरीच्या सासरची. म्हणजे गेल्या एप्रिलमध्ये आमच्या पुढच्या खोलीत बसलेली झाडून सगळी माणसं. नैवेद्य दाखवून झाला आणि मी उभा राहिलो. म्हणालो, "सुपारीच्या दिवशी मी दाजींना सगळ्यांम्होरं खोटं पाडलं हुतं. ते माझं चुकलं. मी तपासून बघितलंय. ठिणगी हुती, पेट्रोल नव्हतं. दाजींचं बरोबर हुतं, आन् ते त्यांना ठावं हुतं."

निम्म्यांना कशाबद्दल चाललंय तेही आठवत नव्हतं. शेवटी तुमचे थोरले चुलते, कानानं जरा अधू, मोठ्यानं म्हणाले, "बरं बरं. बसा आता. पानं वाढा रं." जेवणं झाल्यावर हात धुताना व्याही शेजारी आले. नळाकडंच बघत म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही बोललासा, ते मला तवाच आवडलं नव्हतं. आज बोललासा, बरं केलं." मी मान हलवली. तोंडावर असं सांगणारं माणूस आपल्या सोयरिकीत आलं, याचं तुम्हाला बरं वाटलं असतं.

आता जो तो मला म्हणतो, मोठ्या मनाचा माणूस गेला. मी हो म्हणतो. मन मोठं होतंच तुमचं, आणि त्याच्या सावलीत मी नापासाचा पास झालो, नोकरीला लागलो, संसार केला. ते सगळं मान्य. पण दाजी, या एका गोष्टीत तुमचं चुकलं. पेट्रोलचा वाद तुम्ही जिंकलात. हा वाद मी सोडणार नाही, आणि समोर उत्तर द्यायला तुम्ही नाही म्हणून तर मुळीच सोडणार नाही. तुम्ही भर दुपारीच यायला हवं होतं. निळी माझ्या दारात, व्याह्यांच्या डोळ्यांदेखत बंद पडायला हवी होती. माझा कान धरून मला त्या बॉनेटखाली वाकवायचं आणि म्हणायचं, "बघा मास्तर, कुठाय पेट्रोल?" लोक हसले असते. मी तासभर तोंड लपवून मागच्या दारी बसलो असतो. मग सुनीतानं हाक मारली असती आणि आपण एका पंगतीला जेवायला बसलो असतो.

तासाभराची लाज मी कशीही सोसून काढली असती, दाजी. तुम्ही उपाशी परत गेलात ते रविवार मला निघत नाहीत.